पितळेचा टंका आणि माफीची पेटी

रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर बाजार भरू लागतो. खजूर, कलिंगड, पपई, भजी, समोसे यांच्या गाड्यांभोवती गर्दी होते. रोजा सोडायला अर्धा-पाऊण तास उरलेला असतो आणि सगळ्यांनाच घाई असते. अशा वेळी एखादे गिऱ्हाईक दहा रुपयांचे नाणे पुढे करते आणि गाडीवाला मान हलवतो. नाणे सरकारचेच असते, त्यावर राजमुद्राही असते. रिझर्व्ह बँकेने ही नाणी चालतात असे अनेकदा जाहीर केले आहे. तरीही अनेक गावांत हे नाणे हातात घ्यायला लोक कचरतात. पुढचा माणूस घेणार नाही, अशी शंका प्रत्येकाच्या मनात असते. नाण्याची खरी किंमत धातूत किती आणि लोकांच्या विश्वासात किती, हा प्रश्न अशा वेळी सहज समोर येतो.

हाच प्रश्न सुमारे सातशे वर्षांपूर्वी दिल्लीच्या एका सुलतानाला पडला होता. त्याने काढलेले उत्तर तीन वर्षेही टिकले नाही. त्या फसलेल्या नाण्याने त्याचे नाव मात्र कायमचे बदनाम केले. नगरपालिकेने रातोरात रस्ता एकमार्गी केला किंवा एखाद्या कार्यालयाने विचित्र परिपत्रक काढले, की आजही बातमीच्या मथळ्यात तुघलकी कारभार हा शब्द येतो. ज्याच्या नावाचे असे विशेषण झाले, तो महंमद तुघलक नेमका कोण होता, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

शिकलेला शहजादा

त्याचे मूळ नाव जुना. वडील गाझी मलिक हे खिलजींचे नावाजलेले सरदार. पंजाबात दिपालपूरला राहून त्यांनी मंगोलांच्या स्वाऱ्या वर्षानुवर्षे थोपवल्या. 1320 साली तेच गियासुद्दीन तुघलक या नावाने दिल्लीच्या तख्तावर बसले आणि जुनाला उलुग खान हा किताब मिळाला. त्याने दख्खनमध्ये मोहिमा काढल्या. वरंगळचा पहिला वेढा फसला, 1323 साली दुसऱ्या प्रयत्नात काकतीयांचे राज्य संपले. देवगिरीचा डोंगरी किल्ला, त्याखालचा समृद्ध मुलूख आणि दक्षिणेत उतरणाऱ्या वाटा त्याने याच काळात जवळून पाहिल्या.

1325 मध्ये बंगालच्या स्वारीवरून परतणाऱ्या वडिलांच्या स्वागतासाठी दिल्लीजवळ अफगाणपूर येथे त्याने लाकडी मंडप उभारला. तो मंडप कोसळला आणि सुलतान गियासुद्दीन त्याखाली सापडून मरण पावले. दरबारी इतिहासकार जियाउद्दीन बरनी याने वीज पडल्याचे लिहिले. पुढे दिल्लीत आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने हा ठरवून केलेला घात असल्याचे ऐकले आणि तसेच लिहून ठेवले. खरे काय ते कायमचे त्या ढिगाऱ्याखाली राहिले. नवा सुलतान तख्तावर बसला तो असा संशय सोबत घेऊनच.

त्याच वर्षी दिल्लीने हजरत निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे लाडके शिष्य, कवी अमीर खुस्रो या दोघांनाही गमावले. एक युग संपले होते.

नव्या सुलतानाइतका शिकलेला माणूस दिल्लीच्या तख्तावर क्वचितच बसला असेल. कुराण त्याला मुखोद्गत होते. फारसीवर त्याचे प्रभुत्व होते आणि अरबीही येत होती. तर्कशास्त्र, गणित, वैद्यक आणि ज्योतिष यांत त्याला गती होती. अक्षर इतके सुंदर, की नामांकित सुलेखनकारांनी कौतुक करावे. तो दारूला शिवत नसे आणि नमाज-रोजा चुकवत नसे. तत्त्वज्ञांच्या संगतीत वाद घालणे त्याला आवडे. कुठलीही गोष्ट बुद्धीला पटल्याशिवाय तो मान्य करत नसे आणि यावर बरनीचा मोठा राग होता.

दुसऱ्या धर्माच्या विद्वानांसाठीही त्याचा दरबार खुला होता. जैन आचार्य जिनप्रभ सूरी यांना त्याने दिल्लीत सन्मानाने बोलावले आणि त्यांच्याशी चर्चा केली. सिंधमध्ये रतन नावाचा हिशेबात तरबेज असलेला हिंदू अधिकारी त्याने मोठ्या पदावर नेमला. माळी, न्हावी, विणकर अशा घरांतून आलेली माणसेही त्याच्याकडे अधिकारपदावर पोहोचली. जुन्या खानदानी सरदारांना हे सहन होत नव्हते. बरनीने या नेमणुकांची यादीच नाक मुरडत दिली आहे.

दिल्लीहून दौलताबादला

1327 च्या सुमारास सुलतानाने देवगिरीला दुसरी राजधानी करायचे ठरवले आणि तिला दौलताबाद हे नाव दिले. त्यामागचा विचार अगदीच वेडा नव्हता. राज्य आता मदुराईपर्यंत पसरले होते आणि दिल्लीहून दक्षिणेवर लक्ष ठेवणे अवघड होते. वाटेवर सराया बांधल्या, झाडे लावली, सोडलेल्या घरांची भरपाई दिली. सुलतानाची आई मखदूमा-ए-जहाँ हिच्यासह राजघराणे, अमीर-उमराव, उलेमा आणि सूफी यांना दख्खनकडे निघावे लागले. अख्खी दिल्ली ओस पडली, ही पुढे फुगवून सांगितलेली गोष्ट असावी. याच वर्षांतले संस्कृत शिलालेख दिल्ली परिसरात सापडले आहेत आणि त्यांत नांदत्या नगरीचेच वर्णन आहे. पण ज्यांना जावे लागले, त्यांच्यासाठी चाळीस दिवसांची ती वाट खडतर होती. म्हातारी माणसे आणि लेकरे वाटेत दगावली. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आणि आई-वडिलांच्या कबरी मागे राहिल्या.

काही वर्षांनी सुलतानाने लोकांना परत जायची मुभा दिली. पण सगळे परतले नाहीत. हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांनी दख्खनमध्येच देह ठेवला. निजामुद्दीन औलियांची प्रवचने लिहून ठेवणारे कवी अमीर हसन सिजझी हेही खुलताबादच्याच मातीत विसावले. गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज लहानपणी आपल्या वडिलांचे बोट धरून याच स्थलांतरात दौलताबादला आले होते. दिल्लीच्या त्या माणसांची बोली इथल्या मराठी, तेलुगू, कानडीच्या शेजारी राहून दख्खनी झाली. मराठवाड्याच्या बोलण्या-चालण्यात, उरुसांत आणि आडनावांत या स्थलांतराच्या खुणा अजून सापडतात. सुलतानाचा हुकूम फसला, त्याची माणसे मात्र इथे रुजली.

चांदीची टंचाई

सुलतानाला नाण्यांची विलक्षण आवड होती. एडवर्ड थॉमस या एकोणिसाव्या शतकातील नाणेतज्ज्ञाने त्याला नाणी पाडणाऱ्यांचा राजाच ठरवले. राज्यारोहणानंतर लगेच त्याने जुन्या वजनांना हात घातला. इल्तुत्मिशच्या काळापासून सोन्याचा आणि चांदीचा टंका साधारण अकरा ग्रॅमचा असे. सुलतानाने सोन्याचा सुमारे तेरा ग्रॅमचा जड दिनार काढला आणि चांदीचे सुमारे नऊ ग्रॅमचे हलके नाणे काढले. या हलक्या नाण्याला अदली म्हणत. दख्खनच्या स्वाऱ्यांमुळे सोने मुबलक झाले होते आणि चांदी आटत चालली होती. बदललेल्या भावाशी नाण्याचे वजन जुळवण्याचा हा प्रयत्न होता. व्यापाऱ्यांना आणि सावकारांना मात्र जुन्या वजनाची सवय होती. काही वर्षांतच ही दोन्ही नाणी बंद झाली आणि जुने वजन परत आले.

चांदीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. भारतात चांदीच्या खाणी फार नव्हत्या. चांदी येई ती परदेशी व्यापारातून आणि बंगालच्या वाटेने. त्यातच सुलतानाचे बेत मोठे होते. खुरासानच्या स्वारीसाठी त्याने प्रचंड फौज भरती केली आणि तिला वर्षभराचा पगार दिला. बरनीने हा आकडा तीन लाख सत्तर हजार दिला आहे. ती स्वारी निघालीच नाही. इनाम-बक्षिसे वाटण्यातही सुलतानाचा हात सैल होता. खजिन्यावर ताण येत होता.

दरम्यान चीनची बातमी त्याच्या कानावर होती. कुबलाई खानाने तिथे कागदाच्या नोटा चालवल्या होत्या आणि सारा व्यापार त्यावर होत होता. इराणमध्ये 1294 साली गैखातू या मंगोल राजाने तब्रिझमध्ये तसाच प्रयोग केला, पण बाजार बंद पडले आणि थोड्याच दिवसांत नोटा मागे घ्याव्या लागल्या. एक उदाहरण यशाचे होते आणि एक अपयशाचे. सुलतानाने यशाचे उदाहरण धरले.

पितळ झाले चांदीच्या मोलाचे

हिजरी 730 मध्ये, म्हणजे 1329-30 साली, नवे नाणे निघाले. धातू पितळ आणि तांबे, वजन साधारण नऊ ग्रॅम, किंमत मात्र चांदीच्या टंक्याइतकी. दिल्ली, दौलताबाद, धार, बंगालमधले लखनौती, तेलंगणातले सुलतानपूर, तिरहुतमधले तुघलकपूर अशा दूरदूरच्या टांकसाळींत ते पाडले गेले. आपल्या दौलताबादचे नाव असलेले हे पितळी टंके आजही संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे पाहायला मिळतात.

या नाण्यावरचा मजकूर मोठा बोलका आहे. हा टंका सुलतानाच्या काळात चलनात आहे, अशी ग्वाही एका बाजूला. दुसऱ्या बाजूला सुलतानाची आज्ञा पाळणे म्हणजे ईश्वराचीच आज्ञा पाळणे, अशा अर्थाचा अरबी मजकूर. चांदीच्या नाण्याला असा उपदेश करावा लागत नव्हता. त्याची चांदीच त्याच्या वतीने बोलत असे. पितळेला मात्र धर्माची आठवण करून द्यावी लागली. त्या आठवणीने माणसे हुकूम मानतील असे सुलतानाला वाटले. बाजारात मात्र हुकूम आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

नाणे चांगले की वाईट, यापेक्षा ते कुणी पाडले हे ओळखता येणे महत्त्वाचे होते. तिथेच सारा घोटाळा झाला. चिनी नोटेचा कागद, शिक्के आणि छपाई सरकारच्या हातात होती आणि नक्कल करणाऱ्याला देहदंड होता. पितळी टंक्यात अशी कोणतीच खूण नव्हती, जी गल्लीतल्या सोनाराला जमू नये. पितळ घरोघरी होते. अर्धा किलो वजनाचा एखादा लोटा वितळवला, तर त्यातून पन्नासाहून जास्त टंके पडत आणि प्रत्येकाची किंमत चांदीच्या टंक्याइतकी! एवढा मोह टाळणे सोपे नव्हते.

गावोगावी छुप्या टांकसाळी सुरू झाल्या. प्रत्येक हिंदूचे घर टांकसाळ बनले, असे बरनीने लिहिले आणि पुढच्या अनेकांनी ते तसेच उचलले. पण बरनीच्या लिखाणात हिंदूंविषयीचा आकस जागोजागी दिसतो. हातात पितळ, भट्टी आणि कारागीर असला की नाणे पाडता येत होते. त्यासाठी अमुक एका धर्माचा असण्याची अट नव्हती. मुकादम आणि जमीनदारांनी याच नाण्यांत सरकारी सारा भरला आणि त्याच नाण्यांनी घोडे आणि हत्यारे घेतली. चांदी-सोने मात्र जमिनीत पुरून ठेवले. परदेशी व्यापारी सर्वांत हुशार निघाले. इथला माल घेताना ते पितळ देत आणि स्वतःचा माल विकताना पितळ नाकारत. राज्यातली चांदी घराघरांत दडली आणि सरकारच्या खजिन्यात पितळ साठत गेले. दूरच्या भागांत हा टंका तांब्याच्या भावानेच घेतला जाऊ लागला. शेवटी त्याची किंमत खापराच्या तुकड्याएवढी उरली, असे वर्णन बरनीने केले आहे.

शब्दाला जागलेला सुलतान

इथवरची गोष्ट बहुतेकांना शाळेतल्या पुस्तकामुळे माहीत असते. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते.

हिजरी 732 च्या सुमारास सुलतानाने प्रयोग फसल्याचे मान्य केले. चुकीचे खापर लोकांवर फोडून पितळी नाणे एका फर्मानाने रद्द करणे त्याला सहज शक्य होते. नुकसान लोकांचे झाले असते आणि खजिना वाचला असता. पुढच्या काळात अनेक राजांनी आणि सरकारांनी हा मार्ग पत्करला आहे. महंमद तुघलकने तसे केले नाही. ज्याच्याकडे पितळी टंके असतील त्याने ते खजिन्यात आणून द्यावेत आणि त्या बदल्यात सोन्या-चांदीची नाणी घेऊन जावीत, असा हुकूम निघाला.

लोकांची रीघ लागली. सरकारी नाणी आली, तशी घरात पाडलेलीही आली. खरे-खोटे निवडणे शक्य नव्हते. खजिन्याने सर्वांना मोल दिले. फसवणूक करणारे श्रीमंत झाले, पण प्रामाणिकपणे मजुरीत किंवा मालाच्या किमतीत पितळ घेतलेला माणूस बुडाला नाही. खजिना मात्र रिता झाला. तुघलकाबादच्या किल्ल्यात पितळी नाण्यांचे डोंगर साठले. जवळजवळ शंभर वर्षांनी, सय्यद घराण्यातल्या मुबारक शाहच्या काळातही त्यांचे ढीग तिथे होते, असे सांगितले जाते.

इस्लामी व्यवहारात अमानत या शब्दाला फार मोल आहे. एकाने विश्वासाने सोपवलेली वस्तू दुसऱ्याने जशीच्या तशी परत करणे म्हणजे अमानत सांभाळणे. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना कुणाचे देणे राहिले आहे, हे आधी पाहायचे असते, तेही याच कारणासाठी. पितळी टंका ही सुलतानाने लोकांना दिलेली चिठ्ठीच होती. ती वटली नसती, तर अमानतीत खयानत झाली असती. हे देणे त्याने चुकते केले. पण त्याच्या खात्यावर दुसरेही देणे चढत होते आणि ते पैशांत मोजता येणारे नव्हते.

दार एक, चेहरे दोन

1333 साली इब्न बतूता सिंधू नदीवर पोहोचला. पुढे सुलतानाने त्याला दिल्लीचा काझी केले. सुलतानाच्या दाराशी कुणी तरी गरीब श्रीमंत होत असतो आणि कुणाचा तरी जीव जात असतो, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे. या एका निरीक्षणात सुलतानाचे सारे आयुष्य आले.

एका हिंदू सरदाराने आपल्या भावाला सुलतानाने विनाकारण ठार केल्याची फिर्याद काझीकडे नोंदवली. सुलतान पायी, बिनहत्यारी काझीच्या समोर गेला. आपण आल्यावर काझीने उठून उभे राहू नये, असे त्याने आधीच बजावले होते. तो आरोपीसारखा उभा राहिला. निकाल विरोधात गेला आणि त्याने फिर्यादीचे समाधान करून दिले. दुसऱ्या एका प्रसंगी, कारण नसताना मारल्याची तक्रार करणाऱ्या मुलाच्या हातात त्याने छडी दिली आणि त्याच्याकडून एकवीस फटके खाल्ले. फटक्यांनी सुलतानाच्या डोक्यावरची टोपी उडाली, हे इब्न बतूताने स्वतः पाहिले.

हाच सुलतान दुसरीकडे संशयावरून माणसांची कातडी सोलायला लावी. सूफी, उलेमा, सय्यद, सैनिक, हिंदू, मुसलमान, कुणीही त्याच्या शिक्षेतून सुटले नाही. त्याचा न्याय कठोर होता आणि संशय त्याहून कठोर. हुशार माणसाला आपली योजना लोकांना का पटत नाही, हे कळेनासे झाले, की तो लोकांनाच अपराधी मानू लागतो. दर फसलेल्या बेतानंतर सुलतानाचा राग वाढत गेला.

मदुराईच्या सुभेदाराचे बंड मोडायला तो 1335 च्या सुमारास दक्षिणेत निघाला. वरंगळला फौजेत साथ पसरली, सुलतान स्वतः आजारी पडला आणि मागे फिरला. परतीच्या वाटेवर बीड येथे त्याचा दुखरा दात पडला, असे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे. सुलतानाने तो दात समारंभाने पुरवला आणि त्यावर घुमट बांधला. बीडच्या परिसरात ती वास्तू आजही दाखवली जाते. लोक ती पाहून हसतात. त्या वेळी सुलतान आजारी होता, फौज साथीने खचली होती आणि मदुराई कायमची हातची गेली होती.

त्यानंतर उत्तरेत दुष्काळ पडला. गंगा-यमुनेच्या दुआबात आधीच सारा वाढवला होता, शेतकरी गावे सोडून गेले होते आणि त्यातच पावसाने डोळे वटारले. काही वर्षे अन्नान्नदशा होती. सुलतानाने दिल्लीकरांना सरकारी कोठारातून सहा महिने पुरेल एवढे धान्य दिले. गंगेकाठी स्वर्गद्वारी नावाची छावणी वसवून तिथे अवध भागातून धान्य आणवले. विहिरी खणायला, बी-बियाणे आणि बैल घ्यायला शेतकऱ्यांना कर्जे दिली. शेतीसाठी वेगळे खाते काढले. कल्पना चांगली होती. कर्जे वाटणारे अधिकारी मात्र पैसा खाऊन बसले आणि पडीक जमीन पडीकच राहिली.

नाण्यावरून स्वतःचे नाव पुसले

बंडे थांबेनात. तेव्हा सुलतानाच्या मनाने एक वेगळीच शंका घेतली. खलिफाची मान्यता नसताना आपण राज्य करतो, म्हणून तर हे होत नसेल? बगदादचा खलिफा 1258 साली मंगोलांनी मारला होता. पण त्या घराण्यातले खलिफा कैरोमध्ये होते. सुलतानाने आपल्या नाण्यांवरून स्वतःचे नाव काढून टाकले आणि तिथे खलिफा अल-मुस्तकफी याचे नाव घातले. तो खलिफा 1340 मध्येच वारला होता, पण बातमी दिल्लीला पोहोचायला वेळ लागला. मेलेल्या माणसाच्या नावाची सोन्याची नाणी दिल्लीत पडत राहिली.

मान्यता येईपर्यंत जुमा आणि ईदच्या नमाजही त्याने बंद ठेवल्या. तीस रोजे पूर्ण झाले, चंद्र दिसला, पण ईदगाह रिकामा राहिला. दिल्लीकरांना तो काळ कसा गेला असेल, याची कल्पना करता येते. 1343-44 च्या सुमारास हाजी सईद सरसरी हे कैरोहून फर्मान आणि मानाचा पोशाख घेऊन आले. सुलतान शहराबाहेर पायी चालत सामोरा गेला. नमाज पुन्हा सुरू झाल्या. बंडे मात्र तशीच राहिली.

1347 मध्ये दौलताबादच त्याच्याविरुद्ध उठले. त्याने हौसेने वसवलेल्या त्या राजधानीत हसन गंगू हा सरदार अलाउद्दीन बहमन शाह या नावाने स्वतंत्र सुलतान झाला आणि बहमनी राज्य सुरू झाले. गुजरातमध्ये तगी नावाच्या बंडखोराने त्याला आणखी तीन-चार वर्षे फिरवले. याच दिवसांत त्याने बरनीला विचारले, की जुन्या राजांनी अशा दुखण्यावर कोणता उपाय केला होता. प्रजेचा विश्वास उडाल्यावर काही राजांनी गादी दुसऱ्याकडे सोपवली, असे बरनीने भीत भीत सुचवले. सुलतानाने ते मानले नाही. प्रजा बंड करत राहील तोवर आपण शिक्षा करत राहू, असेच त्याचे म्हणणे होते.

तगीच्या मागे तो सिंधमध्ये ठठ्ठ्यापर्यंत पोहोचला. मुहर्रमच्या दहा तारखेला, आशुऱ्याच्या दिवशी, त्याने रोजा धरला. संध्याकाळी रोजा सोडल्यावर मासे खाल्ले. ताप आला आणि तो उतरलाच नाही. 21 मुहर्रम 752, म्हणजे 20 मार्च 1351 रोजी, सिंधू नदीच्या काठी छावणीतच त्याचा मृत्यू झाला. त्याने सव्वीस वर्षे राज्य केले होते.

उशाशी ठेवलेली पेटी

छावणीतच त्याचा चुलतभाऊ फिरोजशाह सुलतान झाला. दिल्लीत आल्यावर शेतकऱ्यांना दिलेल्या जुन्या कर्जांचा हिशेब त्याच्यासमोर आला. रक्कम सुमारे दोन कोटी टंक्यांची होती. फिरोजशाहने ती माफ केली आणि कर्जाची कागदपत्रे नष्ट करून टाकली.

मग त्याने आणखी एक काम हाती घेतले आणि ते पुढे आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले. महंमद तुघलकच्या हुकुमाने जे मारले गेले त्यांच्या वारसांना, आणि ज्यांचे हात, पाय, डोळे किंवा नाक गेले त्या जिवंत माणसांना त्याने शोधून काढले. त्यांना भरपाई देऊन राजी केले. आम्ही मृत सुलतानाला माफ केले, असे त्यांच्याकडून साक्षीदारांसमोर लिहून घेतले. ते सारे कागद एका पेटीत भरले आणि ती पेटी महंमद तुघलकच्या कबरीच्या उशाशी ठेवली.

नमाज-रोजातली चूक अल्लाह आपल्या दयेने माफ करू शकतो. माणसाचे माणसाकडे राहिलेले देणे मात्र त्या माणसानेच माफ करावे लागते. इस्लाममध्ये त्याला हुकूक-उल-इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, असे म्हणतात. फिरोजशाहला हे ठाऊक होते. म्हणून त्याने आपल्या भावासाठी भव्य घुमटाची आरास केली नाही, माफीचे कागद गोळा केले. त्यांतले किती मनापासून लिहिले गेले आणि किती राजाचा शब्द मोडता येत नाही म्हणून, हे ते लिहिणाऱ्यांनाच ठाऊक.

गिरीश कर्नाड यांनी 1964 मध्ये कन्नडमध्ये महंमद तुघलकवर नाटक लिहिले आणि विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणले. तेव्हापासून मराठी प्रेक्षकांना तो विक्षिप्तपणाच्या पलीकडेही थोडा कळला. त्याच्या पितळी टंक्याकडे आज पाहिले तर वेगळेच आश्चर्य वाटते. आपल्या खिशातली प्रत्येक नोट त्याच कल्पनेवर चालते. कागदाला मोल नसते, त्यामागच्या शब्दाला असते. ती नोट ओळखता यावी म्हणून पाणचिन्ह, धागा आणि खास छपाई यांची योजना असते. महंमद तुघलकच्या टंक्याला हेच कमी पडले.

त्याच्या दोन कर्जांपैकी एक त्याने स्वतः फेडले. बाजारातल्या शेवटच्या माणसाच्या पितळेला त्याने चांदी मोजली. दुसरे फेडायला त्याला वेळ मिळाला नाही, किंवा ते देणे आहे हेच त्याला कळले नाही. ते त्याच्या मागून आलेल्या भावाला, दारोदारी माणसे पाठवून, एकेका घराकडून माफ करून घ्यावे लागले.